स्पीडवेचा इतिहास वही-पेन घेऊनच वाचा

अमळनेरात माझं गॅरेज आहे. संध्याकाळी शटर ओढलं की मी आणि पुतण्या मोबाइलवर स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटरसायकलींच्या, जुन्या शर्यती बघतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "काका, ह्या काय गोल गोल फिरी ऱ्हायनात?" मी हिशोबाची लाल वही काढली आणि त्याला गुण मांडायला शिकवलं. तेव्हापासून तो हलत नाही. जागतिक अजिंक्यपदाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मी तुम्हालाही हीच रीत सांगेन.

आधी गाडी ओळखा. 500 सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, ब्रेक नाही. चौघे सुटतात, चार फेऱ्या मारतात आणि कायम डावीकडेच वळतात. पहिल्या पावसात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर मागचं चाक सरकलं की आपण लगेच अॅक्सिलरेटर सोडतो. हे लोक मागचं चाक मुद्दाम सरकवतात, हँडल उजवीकडे फिरवतात आणि अॅक्सिलरेटर पिळलेलाच ठेवतात. डाव्या बुटाखाली पोलादी तळ असतो, तो जमिनीवर घासत वळण काढतात. एकदा त्या बुटाकडेच बघत शर्यत पाहा.

आता वही. एका रात्रीच्या जुन्या फायनलसाठी डावीकडे 16 नावं लिहा, पुढे पाच रकाने पाडा. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला 0. पाच शर्यतींत प्रत्येकाची बाकीच्या पंधरा जणांशी एकेकदा गाठ पडते. एकूण 20 शर्यती, दर शर्यतीत 6 गुण, म्हणून खाली बेरीज 120 यायला हवी. कमी आली तर एखाद्या शर्यतीत दोघं-तिघं पडले किंवा बाद झाले असतील, नाहीतर तुमचंच मांडणं चुकलंय. शेवटी एक रकाना मोकळा सोडा. बरोबरी झाली की जादा शर्यत होते, ती तिथे लिहायची.

सुरुवात 1936 पासून करा, लंडनच्या वेम्बली स्टेडियमची पहिली फायनल. या पानाला आणखी एक रकाना लागतो, कारण फायनलआधीच्या पात्रता फेरीतले बोनस गुण सोबत आणायचे होते. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने त्या रात्री पाचही शर्यती जिंकल्या: 15. त्याचाच देशबंधू लायोनेल व्हॅन प्राग 14, इंग्लंडचा एरिक लँग्टन 13. आता बोनस मिळवा. विल्किन्सनचे 10, बेरीज 25. व्हॅन प्रागचे 12, बेरीज 26. लँग्टनचे 13, त्याचेही 26. जादा शर्यत व्हॅन प्रागने जिंकली आणि तो पहिला विश्वविजेता झाला. एकही शर्यत न हरलेला माणूस तिसरा!

पान नीट बघा, आणखी एक गोष्ट दिसेल. व्हॅन प्रागचा एकच गुण गेलाय आणि तो गेला विल्किन्सनसमोर. म्हणजे विश्वविजेत्याला त्या रात्री हरवणारा एकटा तोच. पुतण्याला हे कळलं तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. मला स्वतःला आजही ते पटत नाही. विल्किन्सन 1938 मध्ये तिथेच विजेता झाला, ते पान आम्ही मनापासून भरलं.

1939 च्या पानावर फक्त साल लिहा आणि ते कोरं ठेवा. युद्धामुळे फायनल झालीच नाही. स्पर्धा परत आली ती 1949 मध्ये, टॉमी प्राइस जिंकला. तिथून पुढे बोनसचा रकाना पाडू नका.

मधली सालं भराभर भरली तरी चालतील, पण 1973 ला थांबा. पोलंडमधलं खोझूव्ह. न्यूझीलंडचा इव्हान मॉजर आणि पोलंडचा येझी श्चाकिएल, दोघांचे 13. जादा शर्यतीत मॉजर पडला आणि पोलंडला पहिला विश्वविजेता मिळाला. मॉजरने एकूण सहा अजिंक्यपदं मिळवली, पण या पानावर त्याच्या मोकळ्या रकान्यात शून्यच येतं.

1994 नंतर ही मांडणी चालत नाही. 1995 पासून ग्रांप्री आली, हंगामभर वेगवेगळ्या गावांत फेऱ्या होतात आणि सगळ्यांची बेरीज करून विजेता ठरतो. त्यासाठी वही आडवी धरा आणि दर फेरीला एक रकाना पाडा.