स्टील डिस्पॅचला नवीन जॉइन होताय? ट्रेलरवर माल बांधण्याबद्दल थोडं

कळंबोली, तळोजा, खोपोली या पट्ट्यात डिस्पॅचला किंवा लोडिंग सुपरवायझर म्हणून लागणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय. बरेच जण डिप्लोमा मेकॅनिकल करून येतात, सुरुवातीचे महिने बिल्टी, ई-वे बिल, काट्याची पावती यातच जातात, पण खरी जबाबदारी यार्डात ट्रेलरशेजारी उभं राहायची असते आणि नेमकी तीच कोणी नीट शिकवत नाही.

यार्डात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "वीस टनाची कॉइल (पत्र्याचा गुंडाळलेला रोल) आहे साहेब, ती कुठं हलतेय". हलते. ब्रेक लागला की ट्रेलर थांबतो, माल आपल्या वेगात पुढे जायला बघतो, आणि माल जेवढा जड तेवढा त्याचा रेटा जास्त. युरोपच्या माल बांधण्याच्या ईएन 12195-1 स्टँडर्डमध्ये पुढच्या बाजूला वजनाच्या 0.8 पट, मागे आणि आडव्या बाजूला 0.5 पट जोर धरून बांधायला सांगितलंय, अमेरिकेच्या नियमातले आकडेही हेच. म्हणजे 20 टनाच्या कॉइलचा केबिनकडे 16 टनाचा रेटा, आणि केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर बसलेले असतात.

आता पट्ट्याचं बघा, कारण इथंच सगळे फसतात. 50 मिमीच्या रॅचेट पट्ट्यावर 5 टन लिहिलेलं असतं म्हणून लोक चार पट्टे वरून टाकतात आणि 20 टन झाले म्हणतात. तो आकडा पट्टा किती ताण सोसेल याचा आहे, मालाला तो खाली किती दाबतो याचा नाही. हाताने रॅचेट ओढून पट्ट्यात ताण येतो साधारण 300 ते 500 किलोचा, लेबलवर तो एसटीएफ (स्टँडर्ड टेन्शन फोर्स) म्हणून वेगळा छापलेला असतो, नक्की वाचा. लाकडावर ठेवलेल्या स्टीलचं घर्षण वजनाच्या 0.3 पट धरलं तर 16 पैकी 6 टन घर्षणाने अडतात, राहिले 10 टन. एक पट्टा वरून सरळ खाली ओढला तर दोन बाजू मिळून फार तर 1 टन दाब, त्याच्या 0.3 पट म्हणजे जेमतेम 0.3 टनाची भर टाकतो, म्हणजे नुसत्या पट्ट्यांवर धरायचं तर तीसच्या वर पट्टे लागतील! कॉइलखाली चांगली रबर मॅट टाकली की घर्षण 0.6 पर्यंत जातं आणि अडवायचे राहतात फक्त 4 टन. म्हणून मी मॅटसाठी कायम भांडतो. पण डेकवर (ट्रेलरच्या फळीवर) तेल, ओली माती किंवा गंजाची भुकटी असेल तर मॅटचाही उपयोग नाही, आधी झाडून घ्या, पावसाळ्यात तर पुसूनच घ्या.

कॉइल क्रेडलमध्येच (दोन उतारांच्या खाचेच्या बैठकीत) बसली पाहिजे, दोन्ही उतारांवर टेकलेली आणि खाली डेकपासून बोटभर सुटलेली, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने आवळून बसते. नुसत्या लाकडी पाचरी ठोकून पाठवू नका, मोठी कॉइल पाचरीवर चढून जाते. मग भोकातून साखळ्या घालून पुढे आणि मागे तिरक्या ओढायच्या, कडेला कॉर्नर गार्ड लावायचे. ग्रेड 80 ची 10 मिमी साखळी माल बांधायला सरळ ओढीत 6300 डेकान्यूटन, म्हणजे साधारण सव्वासहा टन धरते, पण टॅग नसलेली किंवा कडी ताणलेली साखळी मी बाजूलाच काढायला लावतो, ड्रायव्हरदादा कितीही चिडले तरी.

सळईचा त्रास वेगळा. बंडल वरून आवळलं तरी आतली सळई मोकळीच असते आणि ब्रेकला तीच सुटून पुढे येते. म्हणून साखळीचा एक पूर्ण वेढा बंडलाभोवती घ्या आणि पुढचा हेडबोर्ड मजबूत आहे का ते बघा. सळई 12 मीटरची, 40 फुटी ट्रेलरही सव्वाबारा मीटरच्या आतच, म्हणजे ती मागे सरकली तर लगेच बाहेर येणार. बाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 (1अ) खाली 20,000 दंड आहे, आणि मागून अंधारात बाइकवाला येत असतो हे दंडापेक्षा मोठं.

चाकणकडे जाणारी गाडी असेल तर ड्रायव्हरला सांगा, घाट लागायच्या आधी खालापूरच्या अलीकडे जागा बघून थांबा आणि साखळ्या परत आवळा, कारण सुरुवातीच्या अंतरातच माल बसतो आणि साखळी सैल पडते. अमेरिकेत पहिली तपासणी 50 मैलांच्या आत करायचा नियमच आहे. घाट चढताना माल मागे ओढला जातो, त्यामुळे पुढे ओढलेल्या साखळ्याही तितक्याच नीट हव्यात.

आणि उतरवताना घाई नको. ताडपत्री काढून आधी सगळ्या बाजूंनी माल बघा, कॉइल कलंडलेली दिसली तर हायड्रा किंवा क्रेनने आधार दिल्याशिवाय एकही टर्नबकल (साखळी आवळायचा स्क्रू) सोडू देऊ नका, आणि साखळी सुटत असताना कॉइल ज्या बाजूला लोळू शकते त्या बाजूला कोणीही उभं नको, क्लीनरही नको.