गणपतीआधी बंद घर उघडताना

मे महिन्यात कुलूप लावलेलं गावचं घर चतुर्थीसाठी उघडायचं असेल, तर निदान चार-पाच दिवस आधी पोचा. आदल्या रात्री येऊन घाईने पुसलेल्या भिंती ओल्याच राहतात आणि बुरशी पुन्हा डोकं वर काढते. सामानात एन-95 मास्क, रबरी हातमोजे, ताठ केसांचा ब्रश, जुनी फडकी, कपडे धुण्याची पावडर आणि टॉर्च असू द्या. कुणाला दमा असेल, तर साफसफाई आटपेपर्यंत त्याला शेजारच्या घरी थांबवा. लहान मुलांनाही.

दार उघडल्याबरोबर पंखा लावू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. आधी खिडक्या आणि मागचं दार उघडा. मग टॉर्च घेऊन पाणी कुठून येतंय ते शोधा. माकडांनी सरकवलेलं कौल, पानांनी तुंबलेली पन्हळ, पागोळ्यांचं पाणी पायाशी साचून जांभ्यात चढलेली ओल, यांचा बंदोबस्त झाला नाही तर कितीही महागडं औषध आणा, पैसे वाया. भिंतीवर पांढरा थर दिसला तर त्यावर जरा पाणी शिंपडून बघा. विरघळला तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, बुरशी नव्हे.

बुरशी कधीही कोरडी झाडू नका, आधी ओली करा. भिंतीला पाणी लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचा, कारण ओल बोर्डापर्यंत गेलेली असू शकते. फरशी, टाइल्स, काच, ऑइलपेंटची भिंत यांना पावडरचं पाणी आणि ब्रश पुरतो. डाग हटेना तर एका लिटर पाण्यात साधारण 60 मिली ब्लीच घाला. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर चुकूनही मिसळू नका. विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो.

उघड्या जांभ्यावर किंवा लाकडावर मात्र ब्लीचचा मला भरवसा नाही. डाग फिका पडतो, पाणी आत झिरपतं आणि बुरशीला हवी ती ओलच आपण हाताने पुरवतो. लाकूड पावडरच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर वाळवा. चुन्याच्या भिंतीला व्हिनेगर नको, आम्ल चुन्याला खातं. तिथे बुरशी खरवडून, भिंत पूर्ण वाळल्यावर ताजा चुना द्या. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशी त्यावर सहजी धरत नाही. बुरशीवरच रंग मारलात तर तो पोपडे धरून सुटतो.

उघडीप मिळाली की सगळी कामं सोडून अंथरूण-पांघरूण उन्हात टाका. कापसाच्या गादीला आतपर्यंत बुरशी लागली असेल तर जीव अडकवू नका, टाकून द्या. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

मखराची भिंत सगळ्यात आधी साफ करायला घ्या. ती हाताला कोरडी लागेपर्यंत मागे कापडाचा पडदा ठोकू नका, आणि ठोकलात तरी हवा खेळेल एवढी फट ठेवा.