पापण्यांजवळ रेटिनॉल लावताना: कुठे, किती आणि कुठे थांबायचं

रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांवरच्या क्रीम-सीरममध्ये घालतात ते अ जीवनसत्त्वाचं एक रूप. पापणीची कातडी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नसतेच. म्हणून गालाला सहज पचणारं सीरम इथे चरचरतं. पण खरी काळजी कातडीपेक्षा पापणीच्या कडेची घ्यायला हवी. केसांच्या मुळांमागे तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांच्या तेलाचा थर अश्रूंवर पसरतो, म्हणून डोळा लगेच सुकत नाही. रेटिनॉलच्या कुळातली औषधं तेलग्रंथींचं काम मंदावतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे डोळे कोरडे पडतात, त्याचं एक कारण हेच. म्हणून रेटिनॉल पापणीच्या कडेपर्यंत पोहोचू द्यायचं नाही.

जागा बोटानेच शोधा. डोळा मिटून अनामिकेनं डोळ्याखाली हलकं चाचपत या. मऊ भाग संपतो आणि हाड लागतं, ती खोबणीची कड. क्रीम त्या हाडावर लावायचं, आत नाही. वरच्या बाजूला भुवईच्या लगेच खालचं हाड. उघडझाप करणाऱ्या मऊ पापणीवर हे क्रीम अजिबात लावू नका. रात्रभर अंगाच्या उबेनं क्रीम सैल होतं, उशीला घासतं आणि डोळ्याकडे सरकतं, त्यामुळे थोडा अंश तिथे आपोआप जातोच.

डोळ्यांभोवती 0.1 टक्के किंवा त्याहून कमी रेटिनॉल पुरे. चेहऱ्यासाठीचं 0.5 किंवा 1 टक्क्याचं सीरम इथे वापरू नका. युरोपीय संघाने 2024 च्या नियमात चेहऱ्याच्या उत्पादनांनासुद्धा 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ट्रेटिनॉइन आणि अडॅपलीन ही याच कुळातली औषधं आहेत; ती डोळ्यांपासून लांब ठेवा. गरोदरपणात, किंवा मूल होण्याचा विचार असेल तर, हा सगळा गटच टाळा.

नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, आठवडाभर लावून पाहा. मग रात्री कॉन्टॅक्ट लेन्स काढा, चेहरा धुवा आणि 15-20 मिनिटं थांबा. ओल्या कातडीत रेटिनॉल जास्त वेगाने मुरतं आणि झोंबतं. पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि पापणीच्या घडीवर द्या. थर जाड झाला तर तीच घसरून क्रीम डोळ्यात नेते. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं क्रीम, प्रत्येक बाजूला तीन-चार ठिपके, आणि अनामिकेनं थोपटत बसवायचं. ओढायचं नाही, चोळायचं नाही. वर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. हात धुवा, आणि झोपण्याआधी तासभर जाऊ द्या.

पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. कोंडा सुटला नाही तर एक दिवसाआड. फरक दिसायला तीन महिने लागतात. त्याआधी मात्रा वाढवण्याचा मोह होतो आणि तिथेच बिघडतं.

किंचित कोरडेपणा चालेल. सकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर क्रीम आत जातंय: महिनाभर बंद ठेवा. खूप खाज आणि सूज असेल तर ती बहुधा अ‍ॅलर्जी असते. सुगंध किंवा प्रिझर्वेटिव्ह हे नेहमीचे संशयित. नेलपॉलिशही विसरू नका. बोटांची कातडी जाड असल्याने तिथे काही दिसत नाही, आणि डोळा चोळला की पापणी लाल होते. अशा वेळी घरातली स्टेरॉइडची ट्यूब पापणीला अजिबात लावू नका. कातडी आणखी पातळ होतेच, शिवाय वापर लांबला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो.

पापण्यांचे केस वाढवणारं सीरम वापरत असाल तर घटक वाचा. बायमॅटोप्रोस्ट आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांनी कातडी काळवंडते आणि खोबण खोल दिसू लागते, म्हणजे ज्यासाठी क्रीम लावताय त्याच्या नेमकं उलट.

दिवसा झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन स्टिकच्या रूपात घ्या. ते ओघळत कमी, झोंबतही कमी. सोबत अतिनील किरण अडवणारा, यूव्ही 400 लिहिलेला रुंद गॉगल. सुरकुत्या रोखण्यात आमच्या मते याचा वाटा रात्रीच्या कुठल्याही क्रीमपेक्षा मोठा आहे, आणि धोका जवळजवळ नाही.

क्रीम डोळ्यात गेलंच तर लेन्स काढून स्वच्छ पाण्याने 15 मिनिटं धुवा. त्यानंतरही दुखत राहिलं, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोळ्याखालची चरबीची फुगवटी आणि लोंबणारी पापणी क्रीमने जात नाही. आणि एकच पापणी अचानक खाली आली असेल तर तो वयाचा प्रश्न समजू नका, तातडीने दवाखाना गाठा.