घरी बेस गिटारचा सराव: ॲम्प्लिफायर किती चांगला हवा आणि कशासाठी

बेस गिटार घेतली की पाठोपाठ ॲम्प्लिफायरचा प्रश्न येतो आणि बहुतेक जण तो 'किती वॉटचा घ्यावा?' असाच विचारतात. घरच्या सरावापुरते पाहिले तर वॉट ही दुय्यम बाब आहे. आपला सूर नेमका केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला आणि प्रत्येक सुराला सारखे वजन मिळाले की नाही, एवढे ज्यातून स्वच्छ ऐकू येते, तो ॲम्प सरावासाठी चांगला. या कसोटीला उतरण्यापुरता दर्जा हवाच. त्यापलीकडच्या दर्जासाठी मोजलेले पैसे छोट्या खोलीत वाया जातात.

ॲम्पशिवाय, नुसत्या तारा छेडून सराव करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला मान्य नाही. आवाज पुरत नाही म्हणून उजवा हात नकळत जोर लावू लागतो आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. शिवाय बेसमधली निम्मी कारागिरी नको असलेल्या तारा दाबून गप्प ठेवण्याची आहे. 'ए' तार वाजवताना खालची 'ई' तार मागे गुणगुणत राहिली, तर ते वाद्य ॲम्पला जोडल्याशिवाय लक्षातच येत नाही.

आता दर्जा कुठे आड येतो ते पाहू. चार तारांच्या बेसची मोकळी 'ई' तार सुमारे ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांनी, वाजते. सहा-आठ इंची स्पीकरच्या छोट्या ॲम्पमधून हा मूळ स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाही. पडतात ते त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे, ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे उपस्वर, आणि त्यांवरून आपला मेंदू खर्जाचा अंदाज बांधतो. त्यामुळे सूर ओळखता येतो, लय साधता येते, चुका कळतात. केवळ छातीत जाणवणारा भरीवपणा नसतो. सरावाला त्या भरीवपणाची गरज नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा ॲम्प काही सूर फुगवतो आणि काही गिळतो, कारण मग आपल्या हाताचा दोष कोणता आणि यंत्राचा कोणता, हे नवशिक्याला कळत नाही.

अर्थात हा दोष पुष्कळदा ॲम्पचा नसून खोलीचा असतो. नाशिकच्या सिडको किंवा इंदिरानगरमधल्या घरातली दहा बाय बाराची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींत बारा फूट अंतर असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा ध्वनी त्या दोहोंमध्ये अडकून घुमू लागतो. दहा फुटांच्या बाजूला हाच आकडा ५६ च्या आसपास येतो. मोकळी 'ए' तार ५५ हर्ट्झवर आहे आणि 'ई' तारेचा दुसरा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) सुमारे ४६ वर. म्हणजे पूर्ण खर्ज देणारा महागडा ॲम्प या खोलीत आणला, तर नेमके हेच दोन सूर अंगावर येतील आणि शेजारचे फिके पडतील. ॲम्प कोपऱ्यात ठेवला, तर हा घुमारा आणखी वाढतो. म्हणून तो भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढावा, फरशीवर न ठेवता भक्कम स्टुलावर कानाच्या दिशेने तिरका ठेवावा आणि स्टुलाखाली जाड रबर घालावे. एवढ्याने जो फरक पडतो, तो कित्येकदा दुप्पट किमतीच्या ॲम्पनेही पडत नाही.

आवाज हळू ठेवला की बेस पातळ वाटतो, यातही ॲम्पचा दोष नसतो. कमी आवाजात आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद होतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. अशा वेळी ॲम्पवरचा 'बेस' म्हणजे खर्जाचा नॉब पूर्ण फिरवण्याचा मोह आवरावा आणि 'मिड' म्हणजे मधल्या पट्टीचा थोडा वाढवावा. सुराची कड तिथे असते.

शेजाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. परंतु ती ज्या 'ए' मापनपद्धतीने मोजतात, तिच्यात ४० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो, त्यामुळे मोबाइलमधल्या ॲपने आकडा कमी दाखवला तरी स्लॅबपलीकडे त्रास होतोच. ढोल पथकाचा सराव चालू असताना खिडक्या लावल्या की ताशा मंदावतो, ढोल मात्र घरात येतच राहतो; बेसचेही तसेच आहे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत, जिथे मजल्याला लाकडी पाटणी आहे, तिथे तर ॲम्पपेक्षा हेडफोनच बरा.

किंबहुना सुरुवातीच्या काळात मी हेडफोनचाच आग्रह धरीन. कान पूर्ण झाकणारा, तारेचा, बऱ्यापैकी हेडफोन आणि त्याच्या जोडीला छोटा हेडफोन ॲम्प किंवा ऑडिओ इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) घेतला, तर खोली आणि शेजारी हे दोन्ही प्रश्न मिटतात आणि खर्जही पूर्ण ऐकू येतो. ही काही तडजोड नाही: मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जेम्स जेमरसन यांचा बेस ॲम्पशिवाय थेट मिक्सिंग डेस्कला जोडलेला असे. ब्लूटूथ हेडफोन मात्र टाळावा. त्यातून आवाज उशिरा येतो आणि तबल्याच्या ॲपसोबत समेवर यायचा प्रयत्न केला की हात मागे पडू लागतो. घरातल्या म्युझिक सिस्टीमलाही बेस थेट जोडू नये. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसचा आवाज तिथे मंद आणि बोथट होतो, आणि एखाद्या जोरकस आघाताने स्पीकर जाण्याची भीती असते. गिटारचा ॲम्प असेल, तर हळू आवाजात चालेल.

ॲम्पच घ्यायचा ठरला, तर आठ ते दहा इंची स्पीकर, हेडफोनची सोय आणि मोबाइल जोडायला ऑक्स जॅक एवढे पुरे. दुकानात शक्यतो आपलीच बेस न्यावी आणि आवाज बोलण्याच्या पातळीवर आणायला सांगावा, कारण घरी तो तेवढाच राहणार आहे. सगळे नॉब मध्यावर ठेवून 'ई' तारेवर बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोराने वाजवावा, मग तार हाताने झटकन थांबवावी. सूर तिथेच तुटला पाहिजे. मागे गुरगुर राहत असेल, तर तो ॲम्प सरावाला उपयोगाचा नाही. घरी आल्यावर हेच सूर हेडफोनवर पुन्हा वाजवावेत. ॲम्पमधून फुगणारा सूर हेडफोनमध्ये सरळ झाला, तर दोष बहुधा खोलीचा समजावा आणि ॲम्पची जागा बदलून पाहावी.

शेवटी अर्थिंग. जुन्या घरांत दोन पिनांचे सॉकेट असतात आणि त्यात बसावी म्हणून तिसरी पिन काढून टाकण्याची पद्धत आहे. तसे मुळीच करू नये: तारांना हात लावून वाजवणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे. अर्थिंग नीट नसले की जी घरघर येते, तिच्यात विजेचे ५० हर्ट्झ असतात आणि 'ई' तारेचा तिसरा फ्रेट ४९ वर वाजतो, त्यामुळे तो सूर घरघरीत मिसळून डळमळू लागतो. असा डळमळता सूर ऐकू आला, तर नवा ॲम्प पाहण्याआधी वायरमनला बोलवावे.