मांडवातले कवडसे

देवगड तालुक्यातील एका वाडीत मित्राच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे मी काढली, त्याला आता काही वर्षे झाली. तरीही त्या दिवसाचे फोल्डर उघडताना माझा हात अजून अडखळतो. ॲपर्चर आणि शटर तुम्हांला ठाऊक आहेत असे धरून मी इथे केवळ खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लागणाऱ्या लग्नाविषयी लिहितो आहे.

मी मांडव पाहिला तो आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, आणि तिथेच मी फसलो. नारळाच्या झापांनी शाकारलेला, कडेने आंब्याचे टाळे बांधलेला तो मांडव त्या वेळी मऊ, सोनेरी उजेडाने भरला होता. फ्लॅशची गरजच नाही असे ठरवून मी निश्चिंतपणे पंगतीत जाऊन बसलो. मुहूर्त मात्र दुपारी १२ वाजून २४ मिनिटांचा होता. लग्न मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातले. त्याच दिवसांत दक्षिण कोकणात शून्य सावलीचा, म्हणजे माध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येण्याचा दिवस येतो, आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरत असल्यामुळे इथली खरी माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते. म्हणजे मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा सूर्य मांडवाच्या नेमका माथ्यावर होता, आणि झापांच्या फटीफटीतून उतरलेले कवडसे नवरीच्या कपाळावर, भटजींच्या पोथीवर, अंतरपाटावर पसरले होते.

आपला डोळा हा भेद सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. मोठ्या फटीतला कवडसा आणि त्याच्या शेजारची सावली यांत सहज तीन स्टॉपचे अंतर असते. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे हा फरक आठपट झाला. सावलीनुसार एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे प्रमाण, ठेवले की गालावर पांढरे डाग पडतात, आणि पूर्ण पांढरे झालेले काहीही रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीतूनसुद्धा परत येत नाही. कवडशानुसार ठेवले तर चेहरा काळवंडतो. पण काळवंडलेला चेहरा थोडा खरखरीत का होईना, नंतर उजळता येतो. मी मीटर, म्हणजे उजेड मोजण्याचे काम, कॅमेऱ्यावर सोपवला होता, आणि शेणाने सारवलेल्या काळसर जमिनीला भुलून तो एक्स्पोजर वाढवीत राहिला. ती जमीन उजेड वर फेकत नाही, त्यामुळे डोळ्यांखालच्या खाचाही भरल्या नाहीत. अंतरपाट दूर होण्याचा क्षण दोन सेकंदांचा. त्या क्षणाच्या माझ्या अकरा छायाचित्रांत नवरीच्या नाकावर पांढरा ठिपका आहे.

ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली, ते नेहमी म्हणत, ‘सगळे एडिटिंगमध्ये होते.’ असे म्हणणाऱ्या गुरूपासून दूर राहावे, आणि विकत मिळणाऱ्या प्रीसेटांपासूनही, म्हणजे एडिटिंगच्या तयार साच्यांपासूनही. दोन्हींमुळे जागेवर विचार करण्याची सवय मोडते.

आता मी आदल्या दिवशी मुहूर्ताच्याच वेळी मांडवात जाऊन उभा राहतो आणि कोणाला तरी बोहल्यावर उभे करून चेहरा पाहतो. पाच-सहा मीटर पांढरा मांजरपाट सोबत असतो. घरातल्या काकांना विनंती करून तो बोहल्याच्या वर, झापांच्या खाली हातभर अंतरावर ताणून बांधून घेतो. होमाच्या ज्वाळेपासून तो बराच उंच असला पाहिजे. कापड पांढरेच हवे, कारण निळ्या ताडपत्रीखाली सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे निळसर दिसतात, आणि बाजूने ऊन येत असल्यास तो रंग व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगछटेच्या दुरुस्तीने, एकसारखा निघत नाही. यासाठी मांडवाला हात लावावा लागतो, म्हणून परवानगी यजमानांकडेच मागावी. मित्राला त्या दिवशी काहीही विचारू नये.

बाकीचे इतके अवघड नाही, घाबरू नका. गटाची छायाचित्रे पडवीच्या कडेला, तोंडे खळ्याकडे करून घेतली की उजेड आपोआप सारखा पडतो. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर भिंगावर बाष्प धरते, तेव्हा बॅग काही वेळ बंदच राहू द्यावी. वीज जाणारच, म्हणून बॅटऱ्या आदल्या रात्री भरून ठेवाव्यात.

आणि एक बॅटरी पाठवणीसाठी वेगळी बांधून ठेवावी. साडेपाचला माडांच्या बुंध्यांमधून आडवे ऊन येत होते, नवरी आजीच्या गळ्यात पडली होती, आणि माझ्या कॅमेऱ्याची तिसरी बॅटरी संपली होती. तो एक फोटो मित्राच्या चुलतभावाने मोबाइलवर काढला, आणि त्यांच्या ओटीवर आज तोच लावलेला आहे.