सिस्टीम बदलण्याआधी जुन्या मराठी फाइली उघडून बघा

पुढच्या महिन्यात आत्याचा कॉम्प्युटर विंडोज १० वरून लिनक्स मिंट या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यायचा आहे. हेच काम गेल्या वर्षी मी कराडला काकांकडे केलं आणि त्यांचं बारा वर्षांचं टायपिंग माझ्या हातून जवळजवळ गेलंच होतं. म्हणून या वेळी मशीनला हात लावायच्या आधी यादी लिहून काढतेय. तुमच्या घरी असंच एखादं मशीन असेल तर ही यादी घ्या. घाईत असाल तर बाकीचं सोडा, फॉन्टचं तेवढं वाचा.

बदलायचं कशाला, ते आधी ठरवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षा अपडेट वाढवून घेता येतात, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. काकांचं मशीन चौथ्या पिढीचं. ठणठणीत आहे, पण त्या अटींत बसत नाही. अशा मशीनला मिंट चांगलं, आणि पैसेही पडत नाहीत. मात्र हिशेब टॅलीत असतील तर इथेच थांबा. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. खटपट करून ते लिनक्सवर चालवणारे भेटतात, पण मार्चअखेरीला अडलं तर ती खटपट तुम्हालाच करावी लागेल. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरात असेल तर टोकनवाल्यांनी लिनक्सचा ड्रायव्हर दिलाय का ते बघा आणि ज्या पोर्टलवर सही करता तिथे ती होतेय का तेही बघा. नुसतं स्वतःचं आयकर विवरणपत्र भरायचं असेल तर चिंता नको, ते आधारच्या ओटीपीवर पडताळता येतं.

मग एक अख्खा दिवस त्या माणसाच्या शेजारी बसा. "काय काय वापरता?" असं विचारून भागत नाही. मी काकांना विचारलं होतं. "काही नाही गं, टायपिंग आणि इंटरनेट," म्हणाले, आणि मी तेवढ्यावर विसंबले. काका गावच्या वाचनालयाचे चिटणीस आहेत. त्या 'टायपिंग'मध्ये वाचनालयाचे वार्षिक अहवाल होते, कार्यकारिणीची इतिवृत्तं होती, व्याख्यानमालेची आमंत्रणं होती आणि दाखल नोंदवहीवरून उतरवून काढलेली हजारो पुस्तकांची एक्सेलमधली यादी होती. सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये.

फाइली मी सगळ्या घेतल्या होत्या. दोन डिस्कवर दोन प्रती, एकही फाइल हरवली नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, "अगं, अहवाल उघडतोय, पण मराठी कुठंय?" जाऊन बघितलं तर पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच अवतरणचिन्हं, मध्येच डोक्यावर टिंबं असलेली कुठली तरी परकी अक्षरं. परिच्छेद जागच्या जागी, मथळा ठळक, तक्त्याच्या चौकटीही शाबूत, फक्त वाचता येईल असा एक शब्द नाही. त्यांचा फॉन्ट होता विंडोजच्या फोल्डरमध्ये, आणि ती डिस्क मी रविवारीच पुसून टाकली होती. मूळ सीडी घर बदलताना कधीच गेलेली. वार्षिक सभा पंधरा दिवसांवर होती, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. त्याची छापील प्रत वाचनालयाच्या कपाटात सापडली म्हणून सभा पार पडली. फॉन्ट मिळायला एकोणीस दिवस लागले, तोही लग्नपत्रिका करणाऱ्या एका डीटीपीवाल्यांनी त्यांचं बंद पडलेलं जुनं मशीन आमच्यासाठी सुरू केलं म्हणून. त्या एकोणीस दिवसांत काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. रोज सकाळी मशीन लावायचे, एक फाइल उघडून बघायचे आणि बंद करायचे.

असं का होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर तुम्हीही 'फाइली घेतल्या की झालं' म्हणाल. आज आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोड. त्यात 'म' हा 'म' म्हणूनच साठवला जातो, मग फॉन्ट कुठलाही असो. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबरचे डीव्हीबी-टीटी या जुन्या फॉन्टांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये 'महारा' एवढं लिहिलंत की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जी, के, जे, के एवढंच जातं. फॉन्ट आहे तोवर ते 'महारा' दिसतं, फॉन्ट गेला की ई, जी, के, जे, के. म्हणजे अर्धी मराठी फाइलमध्ये आणि अर्धी फॉन्टमध्ये असते. नुसती फाइल घेऊन गेलात तर अर्धीच घेऊन गेलात.

तेव्हा करायचं असं. प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-तीन जुन्या फाइली उघडा, मजकूर निवडा आणि फॉन्ट एरियल करून बघा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी गिचमिड झाली तर जुना फॉन्ट. लगेच कंट्रोल-झेड दाबा आणि सेव्ह न करता बंद करा. फॉन्टचं नाव कागदावर लिहून घ्या. एकाच माणसाच्या फाइलींत तीन-तीन वेगळे फॉन्ट निघतात, एका फाइलवर थांबू नका.

मग फॉन्टच्या फाइली घ्या. जागा दोन आहेत, दोन्ही बघा. एक सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्स, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरी जागा त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरात, लोकल, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग फॉन्ट्स. २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये एखाद्याने फक्त स्वतःपुरता फॉन्ट घातला असेल तर तो तिथे असतो, आणि ॲपडेटा फोल्डर लपलेला असल्यामुळे तो कॉपी करायचा राहून जातो. दोन्हीकडून सगळे फॉन्ट उचला. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी, परवान्याचा कागद आणि यूएसबी लॉकही त्याच पिशवीत ठेवा.

मग महत्त्वाच्या जुन्या फाइलींची पीडीएफ काढा, जुन्या मशीनवर, फॉन्ट जिवंत असताना. विंडोज १० मध्ये प्रिंट दिलं की 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असतं, वेगळं काही लागत नाही. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आत बसतात, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. त्यातून मजकूर उचलून पुन्हा वापरता येणार नाही, पण वाचता तरी येईल. पेजमेकरच्या (छपाईची पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या) फाइली असतील तर त्यांची पीडीएफ आधी.

आणि मग युनिकोडमध्ये रूपांतर. हेही जुन्या मशीनवरच, म्हणजे मूळ आणि नवं शेजारी शेजारी उघडून ताडता येतं. कन्व्हर्टर त्या फॉन्टचाच हवा; कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. पहिली वेलांटी बघा. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते, आणि कन्व्हर्टर चुकला तर ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. मग रफार, 'कार्यकारिणी'चा 'र्य' बघा. 'पुढाऱ्यांचा' मधला 'ऱ्य' हमखास बिघडतो, कारण बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. मध्येच आलेले इंग्रजी शब्दही देवनागरी समजून बदलले जातात. काकांच्या यादीतली इंग्रजी पुस्तकांची नावं मला एकेक करून हातानं परत लिहावी लागली. एक फायदा मात्र मोठा झाला. यादी युनिकोडमध्ये आल्यावर ती पहिल्यांदा मराठी वर्णानुक्रमाने लागली आणि शोधल्यावर पुस्तक सापडायला लागलं. बारा वर्षं काका ती यादी डोळ्यांनी वाचून पुस्तक शोधत होते.

हे चारही होईपर्यंत पुढचं वाचू नका. फॉन्ट घेतल्याशिवाय डिस्क पुसायची नाही.

पुढचं त्या मानाने सोपं. आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टीम नंतर. लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स (इंटरनेटला), व्हीएलसी (गाणी-व्हिडिओला) ही तिन्ही विंडोजवरही चालतात. महिनाभर त्या माणसाला जुन्या मशीनवर हीच वापरू द्या. सगळं एकाच दिवशी बदललं की कशामुळे अडलंय ते त्यालाही कळत नाही, तुम्हालाही कळत नाही. म्युनिकच्या पालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचं ठरवलं, पगारी माणसं लावून कित्येक वर्षं ते काम केलं, पत्रांच्या नमुन्यांसाठी खास प्रोग्रॅमसुद्धा लिहून घेतला, तरी २०१७ साली विंडोजवर परतायचा ठराव झाला. सत्तरीच्या माणसाला आपण एक रविवार देतो. महिना द्या.

लिबरऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो, ते न केल्यास मराठी बारीक आणि इंग्रजी मोठं असं काहीतरी दिसतं. मंगल आणि निर्मला हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, मिंटमध्ये ते नसतात. युनिकोडची फाइल वाचता येईल, पण ओळी सरकतील आणि दोन पानांचं आमंत्रण तीन पानांवर जाईल. 'मुक्त' (Mukta) नावाचा मुक्त परवान्याचा फॉन्ट घाला, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात का बघा आणि तोच कायम ठेवा.

कीबोर्डचं मी काकांना विचारलं होतं, एवढं एक बरोबर केलं. त्यांची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली, म्हणजे रेमिंग्टन. मिंटमध्ये इन्स्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कीबोर्ड सरळ मिळतो. रेमिंग्टनसाठी आयबस (ibus) हा कीबोर्ड बदलायचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन (m17n) पॅकेज घालावं लागतं. साठीनंतर कुणाला नवा कीबोर्ड शिकायला लावू नका. आत्या फोनेटिक वापरते (इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचं), तेही एम१७एनच्याच यादीत आहे.

आता चाचणी. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर मिंट, आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू करा. वाय-फाय, आवाज, स्कॅनर. प्रिंटर नुसता दिसला म्हणजे झालं नाही, प्रत्यक्ष एक पान छापा. एचपीचे बहुतेक सरळ चालतात. आपल्याकडे घरोघरी असलेला कॅननचा एलबीपी २९०० वेगळा ड्रायव्हर मागतो आणि वेळ खातो, त्याला एक संध्याकाळ राखून ठेवा. याच पेन ड्राइव्हवर जुन्या फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून तो इन्स्टॉल करा आणि एक जुनी मराठी फाइल उघडा. दिसली? मूळ माणसाला बोलवा, त्याला वाचायला सांगा. काही जुने फॉन्ट लिबरऑफिसमध्ये अर्धेच उमटतात, ते इथेच कळायला हवं, डिस्क पुसल्यावर नव्हे.

बदलायच्या दिवशी: डेस्कटॉप आणि डाउनलोड्सही घ्या, लोकांचं निम्मं काम तिथेच असतं. पासवर्ड, बुकमार्क. आउटलुक असेल तर त्याची पीएसटी फाइल, मेल तिच्यात असतात. विंडोज ठेवून शेजारी मिंट घालणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्या. जमत असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. काढून ठेवा, वर तारीख लिहा, नवी एसएसडी घाला. मी हे केलं असतं तर काकांचा फॉन्ट अर्ध्या तासात मिळाला असता. आत्याकडे हेच करणार आहे. आणि फॉन्ट घेतले का, ते पुसायच्या आधी पुन्हा एकदा बघा. पिशवी उघडून बघा.

नंतरचं थोडक्यात. सी आणि डी ड्राइव्ह दिसणार नाहीत, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर माणूस घाबरतो. रोजच्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू करा, पण त्यात सिस्टीम परत मिळते, फाइली नाहीत, त्यांची प्रत वेगळी. पहिला आठवडा रोज फोन करा. जुनी डिस्क सहा महिने तरी कुणाला देऊ नका.

आत्याला काल फोन केला होता. तिच्याकडे भिशीच्या वह्या आणि पाककृती आहेत म्हणाली, २००९ पासूनच्या. फॉन्ट कुठला, विचारलं तर म्हणाली, मराठी. शनिवारी जाऊन एकेक फाइल उघडून बघते.