वाचलेलं वचन दिवसभर सोबत कसं ठेवायचं

मी नर्स आहे, नालासोपाऱ्याहून रोज सकाळची लोकल धरते. बायबलचं वाचन मात्र घरीच, चहाचं आधण ठेवलं की लगेच. गाडीत जागा मिळाली तर वाचू म्हटलं की आठवडा कोरडा जातो.

नव्याने सुरुवात करत असाल तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून धडाधड सुटू नका, तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत, दम लागतो. नव्या करारातलं याकोबाचं पत्र घ्या. पाचच अध्याय, आणि सगळं रोजच्या वागण्याचं. किंवा नीतिसूत्रे हे पुस्तक: 31 अध्याय, तारखेप्रमाणे एक.

वाचून झालं की एकच ओळ निवडा आणि स्वतःला विचारा, आज ही कुणाशी वागताना लागेल? एखाद्या माणसाचं नाव मनात येईपर्यंत उठू नका. ‘प्रेमाने वागेन’ असं मोघम ठरवलेलं दुपारपर्यंत विरून जातं. याकोब 1:19, म्हणजे पहिल्या अध्यायातलं एकोणिसावं वचन, सांगतो, ऐकायला तत्पर असा. बोलायला आणि रागवायला सावकाश. मी डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पेनाने ‘1:19’ लिहिलं होतं. त्या दिवशी सलाइन बदलायला उशीर झाला म्हणून पेशंटची मुलगी माझ्यावर ओरडली. ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं, तिला पुरतं बोलू दिलं. बिचारी दोन रात्री झोपलीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तोच डबा उघडून तिला चपाती-भाजी दिली.

रात्री झोपण्याआधी तीच ओळ पुन्हा वाचा. चुकलं असेल तर प्रार्थनेत कबूल करा, आणि ज्याला दुखावलं त्याला सकाळी फोन करा. गेल्या आठवड्यात मी जाऊबाईंना केला.